माझ्या तपासणीआधीची सहा वर्षं

नागपूरहून बदलीवर चंदीगडला आलो तेव्हा लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्यातली सहा वर्षं बायकोच्या तपासण्यांत गेली. इंजेक्शनं, गर्भनळ्यांची ती दुखरी तपासणी, एकदा तर दुर्बिणीतून ऑपरेशन. नवऱ्याची वीर्यतपासणी करा, असं प्रत्येक डॉक्टर सांगायचा आणि मी ऑफिसचं काम पुढे करायचो. माझ्यात काय असणार!

इथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र "पहले आपकी रिपोर्ट," म्हणून बायकोची फाइल मिटली. माझ्या रिपोर्टात शुक्राणू शून्य निघाले. मग ओटीपोटाचा एमआरआय.

शेजारच्या पंचकुल्यातल्या स्कॅन सेंटरमध्ये दिलेल्या गाऊनला दुसऱ्या कुणाच्या घामाचा वास येत होता. टेक्निशियन भरल्या हॉलमध्ये ओरडला, "वो बच्चे वाला केस भेजो." सगळ्यांनी वळून पाहिलं. मला शिसारी आली. यंत्रात हलायचं नव्हतं. कानांवर ठोके आदळत होते आणि मी त्या माणसाला मनात शिव्या घालत होतो. मग आठवलं, बायको अशा किती टेबलांवर झोपली होती, आणि मी बाहेर मोबाइल बघत बसायचो. त्यानंतर किळस आली ती माझी मलाच.

डॉक्टरीणबाईंनी एमआरआय पाहून सांगितलं, प्रोस्टेटमध्ये जन्मापासून एक पाण्याची गाठ होती. तिने वीर्याचा मार्ग दाबून टाकला होता. ऑपरेशन छोटंसंच करायचं होतं.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "म्हणजे माझ्या पोटाला उगाच भोकं पाडली."

"हो."

घरी आल्यावर आईला फोन लावला. ती दर महिन्याला सुनेला "काही आहे का?" विचारायची. फोन स्पीकरवर ठेवून सांगितलं, दोष माझ्यात आहे. आई आवाज खाली आणून म्हणाली, "बाहेर बोलू नकोस. लोकांना तिचंच वाटतंय ना, तसंच राहू दे."

बायको समोरच भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. इतकी वर्षं मीही न बोलता हेच करत आलो होतो. त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. मामांनी फोन करून झापलं.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी शुक्राणू दिसले, थोडेच. मी घाईघाईने रिपोर्ट दाखवला. बायकोने तो नीट वाचला.

"चांगलं झालं. पण मला आता काही दिवस कुठलाच दवाखाना नको."

पुढचं कधी, ते मी विचारलेलं नाही.