फक्कीचं वाचनालय

आमच्या वाचनालयाच्या बांधकामावरचे सरकारी ओव्हरसियर कागदी नकाशावर विश्वास ठेवत नसत. बऱ्हाणपुरात शनवारा वेशीजवळ मोकळी जागा मिळाली, तशी त्यांनी जमिनीवरच चुन्याची फक्की मारून भिंती, दार, खिडक्या, कपाटं सगळं आखलं. "आधी बसून तर बघा, विटा मग," एवढंच म्हणायचे.

म्हणून आम्ही मंडळी रोज संध्याकाळी त्या आखलेल्या दाराशी जोडे काढायचो, आत जायचो आणि उघड्यावर बाकावर बसून वर्तमानपत्रं वाचायचो. एकदा मी घाईत भिंत ओलांडली, तर ओव्हरसियर कडाडले, "काय हो मास्तर, दरवाजा काय शोभेला ठेवलाय?" मी वळसा घालून दारातून आलो. त्यांना स्वतःला खोकल्याची उबळ आली, तर ते दारातून बाहेर जाऊन खोकत.

मग बांधकामाचे पैसे मंजूर करायला गोरा साहेब आला, तो थेट भिंतीतून. ओव्हरसियरांची नोकरी त्याच्या हातात होती, तरी ते आडवे आले. "हुजूर, दरवाजा उधर है."

साहेब थबकला, वळसा घालून दारातून आला, टोपी काढून बाकावर बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "जगह अच्छी है. हवा बहुत, उजाला बहुत. अब पैसा किसलिए?"

आम्ही कपाळाला हात लावला. ओव्हरसियर मात्र खूश. दुसऱ्या संध्याकाळी ते आतल्या कोपऱ्यात जिना आखत होते.

वरच्या मजल्यावरची खिडकीजवळची जागा मी तेव्हाच सांगून ठेवली.