बोटीवरची ओटी

आई माझ्याकडे दोह्यात दोन महिने राहून दुसऱ्या दिवशी नाशिकला परत चालली होती आणि माझं एकच काम राहिलं होतं. तिच्या हातून ओटी भरून घ्यायची. बाबा गेल्यापासून तिने कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता. तेराव्यानंतर मी दोह्याला परत निघाले तेव्हा माझी ओटी शेजारच्या काकूंनी भरली आणि आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. लग्नानंतर दर खेपेला माहेरून निघताना जिने माझ्या पदरात तांदूळ-नारळ घातले, ती! तेव्हा मला बोलता आलं नाही, पण ते डोक्यातून गेलंही नाही.

इथे घरी मी दोनदा विषय काढला. ‘मी कशी भरू? सवाष्णीनं भरायची असते,’ एवढं बोलून ती भाजी निवडायला बसायची. मग मला वाटलं, घर म्हटलं की देव्हारा आला, बाबांचा फोटो आला. हिला बाहेर नेऊ, पाण्यावर. तिथे कोण बघतंय? म्हणून कॉर्निशवरून, इथल्या समुद्राकाठच्या रस्त्यावरून, सुटणाऱ्या लाकडी बोटीची संध्याकाळची फेरी ठरवली. पिशवीत तांदूळ, खण, नारळ आणि करंडा घेतला.

जुलैतली दोह्याची संध्याकाळ म्हणजे काय सांगू! सूर्य बुडाला तरी हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर. माझ्या चष्म्यावर सारखी वाफ. नवरा साइटवरून ‘इन्शाल्ला पोचतो’ म्हणाला होता, तेव्हाच मी समजायला हवं होतं. आला नाहीच. बोटीत आजी कौतुकाने विचारतेय, ‘ते उंच उंच काय गं?’ आणि माझी लेक फोनमधून मान वर न करता, ‘जस्ट ऑफिसेस, आजी.’ वर स्पीकरवर गाण्यांचा कर्कश धुमाकूळ आणि डिझेलचा वास. आई नाकाला पदर लावून बसली होती.

‘नदीसारखं वाटत नाही गं,’ ती म्हणाली.

‘नदी नाहीच आहे, समुद्र आहे!’ मी खेकसले. लगेच वाईट वाटलं, पण घामाने जीव नको झाला होता.

खाडीच्या मध्यावर बोट संथ झाली. मी पिशवीतून नारळ काढला, तर बोटीवरचा माणूस धावत आला. ‘मॅडम, पानी में कुछ नहीं डालना!’ पाण्यात टाकायचा नाहीये, हे त्याला पटवता पटवता नाकी नऊ आले. मग मी आईसमोर ओढणी पसरून उभी राहिले.

‘भर.’

‘वेड लागलंय का तुला?’

‘हो, लागलंय. इथे ना काकू, ना मामी. कुणी काही म्हणणार नाही.’

‘लोकांचं नाही गं मला. तुला काही झालं तर? जावयांना काही झालं तर?’

रागाने मला रडू फुटत होतं. ‘तुझ्या हाताने माझं वाईट होईल? ज्या हाताने मला वाढवलं, त्या?’

मग तिचा हात नारळाकडे आला. खरंच आला, मी पाहिला.

तेवढ्यात मागून आवाज. ‘अय्या, ओटी भरताय? मराठी का तुम्ही?’ हिरव्या बांगड्या, कपाळाला टिकली, तोंडभर हसू. मघापासून नवऱ्यासोबत सेल्फी काढत फिरणारी बाई. अख्ख्या बोटीवर एक मराठी सवाष्ण असावी आणि ती नेमकी आत्ताच उगवावी!

आईचा हात मागे गेला. चेहरा मात्र असा उजळला की विचारू नका. ‘देवासारख्या आलात बाई. माझ्या लेकीची ओटी भरता का?’

‘आई, नको ना.’

‘अहो, त्यात काय, भरते की!’ ती बाई म्हणाली.

तिचा बिचारीचा काय दोष? तिने मनापासून भरली. कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण-नारळ ठेवला, तोंडभरून आशीर्वाद दिला. मी आईकडे बघत होते. ती दोन पावलं मागे सरकून कठड्याला टेकली होती, हात जोडून, डोळे भरून, अगदी समाधानी. तिच्या त्या समाधानाचा मला इतका संताप आला की नारळ बोटीवरच्या त्या माणसाच्या देखत समुद्रात भिरकावावा असं वाटलं.

बोट धक्क्याला लागली. ‘यल्ला, यल्ला’, चला उतरा, सुरू झालं. बोट हलत होती, उतरायची फळी अरुंद होती. मी आईला धरायला गेले.

‘मला नको धरू, ओटी सांभाळ. सांडेल,’ ती म्हणाली आणि कठड्याला धरत धरत एकटीच उतरली. माझे दोन्ही हात ओटीत अडकलेले होते.