टप बसेल अशी गाडी

मासा घेताना सत्यवती आधी कल्ला उचलून बघते. आत लालभडक दिसलं तर भाव करायचा, फिकट दिसलं तर पुढे चालू लागायचं. माणसांचे कल्ले उचलता येत नाहीत, म्हणून ती त्यांना आधी पोटभर बोलू देते. मग जे काय म्हणायचं ते एक घाव दोन तुकडे. जुन्या भाईंदरमध्ये तिला ओळखणारे म्हणूनच तिच्यापुढे फार वेळ बोलत नाहीत. ज्यांना ही गोष्ट माहीत नव्हती, त्यांनी तिला गाडी कुठली घ्यावी हे शिकवायला घेतलं.

तिचा नवरा होडीवर होता. तो गेला तेव्हा मुलगा स्वरूप शाळेत होता. तेव्हापासून रोज सकाळी उत्तनच्या बंदरावर जायचं, मासळी घ्यायची, केबिन रोडच्या बाजारात बसून विकायची, हेच तिचं आयुष्य. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टप. बर्फासकट भरलेला टप एकटीने डोक्यावर चढत नाही, त्याला दुसऱ्या कोणाचा तरी हात लागतो. कोळणी एकमेकींना म्हणतात, "जरा हात लाव गो." त्याला कोणी नाही म्हणत नाही. शत्रू असली तरी हात लावते आणि मग भांडण पुढे चालू ठेवते.

तीन वर्षांपूर्वी एकदा उत्तनहून येताना शेअर रिक्षात शेजारच्या बाईने नाकाला रुमाल लावला. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि अर्ध्या वाटेत रिक्षा उभी केली. हिंदीत म्हणाला, मावशी, तुम्ही उतरा, बाकीच्यांना त्रास होतोय. सत्यवती उतरली. टप रस्त्याच्या कडेला, ती टपाशेजारी, आणि हात लावायला कोणी नाही. समोरून एक लांबलचक काळी मोटार आली. ती हळू झाली तशी सत्यवतीला वाटलं, आता कोणीतरी उतरेल. काच खाली होती, ती वर गेली, आणि मोटार निघून गेली. सत्यवतीला त्या दिवशी रडू आलं नाही. इतका राग आला की तिने एकटीने गुडघ्यावर घेऊन टप डोक्यावर चढवला. मान महिनाभर धरली होती.

त्याच महिन्यात ती गाडी शिकायला गेली. लोक हसले. पहिल्या परीक्षेत नापास झाली तेव्हा अजून हसले. दुसऱ्या वेळी पास झाली तेव्हा कोणी विचारायलाही आलं नाही. पुढे काशीगावच्या बाजूला तिच्या वडलांची जमीन विकली गेली. भावांनी नेहमीप्रमाणे बहिणीसमोर हक्कसोडीचा कागद ठेवला. तिने तो नीट ऐकून घेतला आणि पेन परत केलं. वाटा पदरात पडल्यावर ती म्हणाली, गाडी घ्यायची. स्वरूपला वाटलं टेम्पो. ती म्हणाली, टेम्पो नाही, तसली लांब.

सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. मासळीवालीला टेम्पोच शोभतो, असं तोंडावर कोणी म्हणालं नाही एवढंच. पण तिचं म्हणणं सरळ होतं. टेम्पोला मासळीचा वास आला तर कोणाला काय वाटतं? तो यायचाच. वास यावा तर अशा गाडीला यावा, की लोकांनी विचारात पडावं.

तिच्या या म्हणण्यातली मासळी स्वरूपने कानाआड केली आणि गाडी तेवढी ऐकली. त्याचा मिरारोडला फ्लॅट भाड्याने लावून देण्याचा धंदा होता. बाहेर तो अगदी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचा, कपडे कडक इस्त्रीचे, अंगाला अत्तर. दारात मोठी गाडी उभी राहणार म्हटल्यावर तो खुलला आणि आईला म्हणाला की गाडी आली की बाजार बंद, आता तुझं आरामाचं वय आहे. सत्यवतीने ऐकून घेतलं. सून नेत्रा सासूला ओळखून होती. ती भाजी चिरता चिरता नुसती हसली.

शोरूम हायवेवर होतं. तिथल्या परागने एकाच कंपनीच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या, एक पेट्रोलची, एक बॅटरीची. दोन्ही लांब, दोन्ही चकचकीत. आणि मग तो स्वरूपशी बोलू लागला. गाडी घेणारी बाई सोफ्यावर, आणि चार्जिंग, मायलेज, पुन्हा विकताना येणारी किंमत हे सगळं स्वरूपला. सत्यवतीने दोन्ही किल्ल्या मागितल्या.

पेट्रोलच्या गाडीने तिला जवळजवळ जिंकलंच होतं. इंजिन सुरू झालं तशी तळव्यांना बारीक थरथर लागली, आणि तिला नवऱ्याची होडी आठवली. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने तिला होडीत बसवलं होतं तेव्हा पायांना असंच लागलं होतं. तिचे डोळे भरले आणि तिने ते लपवलेही नाहीत. बॅटरीची गाडी सुरू झाली ती कळलीच नाही. सुरू कर म्हणून तिने परागला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा गाडी सुरूच होती.

मग तिने सवयीप्रमाणे कल्ले उचलायला सांगितले, म्हणजे बॉनेट. पेट्रोलच्या गाडीत इंजिन गच्च भरलेलं, वरून गरम झळ. बॅटरीच्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत एक काळा, स्वच्छ, रिकामा खड्डा. सत्यवती वाकून बघत राहिली. मग सगळ्या शोरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्याच्या आत कायच न्हाय. पोकळ गाडी विकताय आमाला?"

दोन-चार गिऱ्हाइकं वळून बघू लागली. स्वरूपने कपाळाला हात लावला. आपलं अज्ञान असं चारचौघांत मांडून तिने हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं, यात शंका नाही. परागने हसू दाबत सांगितलं की बॅटरी खाली असते, मोटर चाकांजवळ असते, आणि ही पुढची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे, बॅग वगैरे ठेवायला. सत्यवतीही हसली. चुकलं तर चुकलं, त्यात काय. पण तिची नजर त्या खड्ड्यावरून हटेना. बसायची जागा आणि हा खड्डा यांच्यात पत्र्याची पक्की भिंत होती. तिने ती बोटाने वाजवून बघितली.

घरी आल्यावर गल्ली जमली. बॅटरीची गाडी पेट घेते, खाऱ्या हवेने तिच्या वायरी सडतात, शिर्डीच्या वाटेत ती मेली तर ढकलणार कोण. यातल्या कोणाकडेही बॅटरीची गाडी नव्हती, बऱ्याच जणांकडे कुठलीच गाडी नव्हती, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. स्वरूपही पेट्रोलच्याच बाजूने होता. बापाच्या होडीची आठवण तिला आली होती हे त्याने बघितलं होतं, आणि तेवढ्यावर तो विसंबला होता. ती म्हणाली की शिर्डीला देव वर्षातून एकदा बोलावतो, उत्तनला पोट रोज बोलावतं. बंदरापर्यंत जाऊन परत यायला कुठलीही बॅटरी पुरते.

बंदर हा शब्द ऐकल्यावर स्वरूपच्या डोक्यात प्रकाश पडला. तो ताडकन उभा राहिला. त्या गाडीत मासळी? लोक काय म्हणतील? आणि मग, इतकी वर्षं आत दाबलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. शाळेत पोरं त्याच्या बाकावर बसायची नाहीत, नाक धरायची. तो वास अंगावरून जावा म्हणून तो आजही दोनदा अंघोळ करतो.

हे सत्यवतीला ठाऊक नव्हतं. लेकराने इतकी वर्षं एकट्याने सोसलं याचं तिला फार वाईट वाटलं, आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असंही वाटलं. पण मान खाली घालावी असं वाटलं नाही.

"ज्या पोरांनी नाक धरलं ना," ती म्हणाली, "त्यांच्या आया माज्याकडनंच बोंबील न्यायच्या. वास आपला आनि चव त्यांची, ह्यो कुठला न्याय? तू लाजू नको, स्वरूप. मी बाजार बंद करणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शोरूमला गेली, बरोबर रिकामा टप घेऊन. घासून, पुसून, झाकणासकट. दारावरच्या रखवालदाराने अडवलं तर म्हणाली, ही माझी पर्स आहे. परागने बॉनेट उघडलं, तिने टप आत ठेवला, आणि तो असा बसला की जणू त्याच्याचसाठी जागा कोरली होती. पराग बिचारा गडबडला. मागे डिकी केवढी मोठी आहे, तिथे ठेवा, असं म्हणाला. तिने त्याला सांगितलं की नेत्राच्या माहेरच्या हळदीला तिच्या भावाने आपल्या गाडीच्या डिकीतून बोंबील आणले होते आणि पुढे महिनाभर गाडीत बसणारा प्रत्येक माणूस भूक लागली म्हणायचा. डिकीचा वास सीटमधून आत येतो, पुढचा येणार नाही. आणि पेट्रोलच्या गाडीत पुढे मासळी ठेवली तर बाजारात पोहोचेपर्यंत कालवणच तयार.

परागने साहेबांना विचारलं. साहेबांनी कंपनीचं पुस्तक चाळलं आणि सांगितलं की यात मासळीचा उल्लेख नाही. सत्यवती म्हणाली, मनाई पण नसेल मग. बॅटरीची गाडी ठरली. जाता जाता तिने पेट्रोलच्या गाडीच्या दारावर एकदा हात ठेवला. होडी होडी होती, ती गेली. धंदा अजून चालू होता.

नवी होडी पाण्यात ढकलायच्या आधी तिच्या तोंडाची पूजा घरातल्या बाईने करायची, ही रीत. गाडी दारात आली तेव्हा सत्यवतीने बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. होडीच्या पहिल्या फेरीला घरचा पुरुष लागतो, हीदेखील रीत, म्हणून तिने स्वरूपला शेजारी बसायला सांगितलं. रीत म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येईना. तो इस्त्रीच्या शर्टात, काळा चष्मा लावून, खिडकीकडे तोंड करून बसला. उत्तनच्या बंदरावर ॲलिसने, जिच्या होडीवरून सत्यवती वर्षानुवर्षं माल घेते, तिने पापलेटं दिली आणि नेहमीप्रमाणे टपाला हात लावला. स्वरूप गाडीतून उतरला नाही.

केबिन रोडला गर्दी होती. सत्यवतीने बाजाराच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि बॉनेट उघडलं, तशी माणसं गोळा झाली. एवढी भारी गाडी पहिल्याच दिवशी गचकली म्हणून काहींना हळहळ वाटली, काहींना बरंही वाटलं असेल. एक रिक्षावाला पुढे आला आणि हिंदीत म्हणाला, मावशी, बंद पडली का, धक्का मारू?

सत्यवतीने झाकण काढलं. बर्फावर पापलेटं चांदीसारखी चमकत होती. वास सुटला आणि गर्दीतल्या एकाने रुमाल काढला. तिने त्याच्याकडे बघितलं, बघतच राहिली, आणि त्याने तो रुमाल परत खिशात ठेवला.

मग तिने गाडीच्या काचेवर टकटक केली. रिक्षावाला हात लावायला तयार होता, शेजारच्या दोघी कोळणी उठल्याही होत्या. तिने त्यांना हातानेच थांबवलं.

"स्वरूप," ती म्हणाली, "हात लाव."

विनवणी नव्हती आणि दरडावणीही नव्हती, कोळीण कोळणीला म्हणते तसंच ते होतं. त्याला नाही म्हणायची पद्धत नाही. स्वरूपने चष्मा काढला, तो खाली उतरला, त्याने बाह्या वर सारल्या आणि टपाची दुसरी कडी धरली. बर्फाचं पाणी त्याच्या शर्टावर सांडलं.

नेमका त्याच वेळी कौस्तुभ म्हणून त्याचं एक गिऱ्हाईक तिथून जात होतं. स्वरूपने त्याला महिन्यापूर्वीच पेणकरपाड्यात घर लावून दिलं होतं. तो थबकला. गाडीकडे, टपाकडे, ओल्या शर्टाकडे बघत त्याने विचारलं की स्वरूपशेठ, ही तुमची गाडी?

पुस्तकातलं मराठी आता येणार, आणि त्यातून काय निघणार, हे ऐकायची सत्यवतीची तयारी नव्हती.

"आईची हाय," स्वरूप म्हणाला. "हे आमचं दुकान. पापलेट ताजं हाय, कल्ला उचलून बघा."

कौस्तुभने वाकून कल्ला उचलला. सत्यवतीने सुरी पाटावर घासली आणि त्याला विचारलं, कापून देऊ की अख्खं नेताय.