मशीन थांबल्याचा आवाज

लेखिकाबाई डोळे मिटून लिहायच्या. म्हणजे आधी खुर्चीत डोळे मिटून पडायचं आणि माणसं कानात बोलू लागली की उठून कागदावर उतरवायचं. रेडिओ केंद्रावरचे लोक म्हणायचे, "बाईंना झोपायचा पगार मिळतो!" म्हणेनात का. दुपारी दोनला त्यांची मालिका लागली की हेच लोक कामं टाकून ऐकत बसायचे.

या खेपेला त्यांच्या कानात बोलत होता दारूपायी वाहवलेला एक शिंपी. तो कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. बाईंचा थोरला भाऊ शिंपी होता आणि सात महिन्यांपासून त्याने थेंबालाही हात लावला नव्हता. "लिही बिनधास्त," त्यानेच सांगितलं होतं, "फक्त खोटं लिहू नकोस."

तिसऱ्या भागात शिंपी बाटली उघडतो. केंद्रावर मालिकांसाठी आवाज काढणाऱ्या काकांनी अरुंद गळ्याच्या बाटलीतून पेल्यात पाणी ओतलं. ते असं झकास वाजलं की सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीसुद्धा!

तो भाग लागला त्याच संध्याकाळी दादा घरी आला आणि चपलाही न काढता खुर्चीत बसला.

"संवाद फर्मास गं तुझे. पण ते बाटलीचं ओतणं... माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दुकान उघडं टाकून पार कोपऱ्यावरच्या गुत्त्यापर्यंत गेलो होतो."

बाईंनी घाईने विचारलं, "मग?"

"मग काय? आलो परत. या वेळी आलो."

"आग लागो त्या मालिकेला! बंदच करते."

"वेडी की काय? तो शिंपी पुन्हा पिणार आहे ना, पिऊ दे. मीही प्यायलो होतोच की. पण मला बाटली ऐकवू नकोस. तेव्हा तू दाराबाहेर उभी असायचीस. तुला काय ऐकू यायचं, ते लिही."

तो गेल्यावर बाईंनी डोळे मिटले. लांबच लांब दुपार, उन्हाने कोमट झालेलं दार, फटीतून तरंगत येणारे सुताचे तंतू. आत शिलाई मशीन चालू. ते चालू असेपर्यंत सगळं ठीक. मग मशीन थांबायचं आणि बाहेर बाई दाराला कान लावायच्या. दादा सुईत दोरा ओवतोय, की बाटलीचं कपाट उघडतोय?

पुढच्या भागात बाईंनी तेवढंच लिहिलं. मशीन चालतं, थांबतं, मग दहा सेकंद काही नाही.

"दहा सेकंद?" काका ओरडले. "अहो, रेडिओ बिघडला म्हणून लोक थपडा मारतील त्याला!"

"मारू देत," बाई म्हणाल्या.

तो भाग लागला तेव्हा त्या दादाच्या दुकानात जाऊन बसल्या. मालिका ऐकताना दादा काम थांबवायचा. सुईखाली कुणाच्या तरी सदऱ्याची बाही अर्धवट पडली होती. रेडिओतलं मशीन चाललं. थांबलं.

दुकान गप्प झालं. उन्हात दोऱ्याचा एक तुकडा सावकाश खाली येत होता. दादाची नजर दाराबाहेर, त्या कोपऱ्याकडे गेली आणि तिथेच राहिली. जाऊ नकोस रे, बाई मनात म्हणाल्या.

दादा खाली वाकला. बाही सारखी केली, पायटा दाबला आणि मशीन सुरू झालं. रेडिओतल्या शिंप्याचं पुढे काय झालं, ते त्या खडखडाटात दोघांनाही ऐकू आलं नाही. बाई हमसून हमसून रडायला लागल्या.

"रडतेस काय," दादा मान वर न करता म्हणाला, "ते टोक धर जरा."