अकरा चिंचोके

मी जे बोललो ते भर बाजारात, पाच माणसांसमोर बोललो. "चाचा, तुमचे हात गेले आता. दुकान बंद करा." हे वाक्य कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. माझंच होतं, आणि बोलताना मला बरं वाटलं होतं, हेही कबूल करून टाकतो.

मी दिंद्रुडचा. कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन. डोकं तापट आहे हे गावाला माहीत आहे, बायकोला जरा जास्तच. कॉलेजपासून गिटार वाजवतो. आठ-दहा वर्षं ऑर्केस्ट्रात लग्नं केली, मग डीजे आले आणि आम्हाला घरी बसवलं. हल्लीच्या त्या डिजिटल डब्यांची मला चीड आहे. पत्र्यावर खिळा ओढावा तसला आवाज, आणि लोक त्याला क्लिअर म्हणतात. लहानपणी गावातल्या लग्नात भोंग्याचं मशीन, म्हणजे जुना अँप्लिफायर, यायचं. आत काचेचे व्हॉल्व्ह लालसर तापलेले असायचे, आणि त्यातून नुसतं 'हॅलो, हॅलो' निघालं तरी कानाला जाड, गोड लागायचं. माझ्या गिटारला तसं मशीन पाहिजे होतं. आमच्या भागात ते विकत मिळत नाही, म्हणून घरीच बांधायचं ठरवलं.

ते भोंग्याचं मशीन ज्यांचं होतं, ते चाचा सिरसाळ्याच्या बाजारात अजून दुकान उघडून बसत. सत्तरी ओलांडलेली. रेडिओ गेले, टेप गेले, तरी ते आपले पंखे, मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळत. शेजारीच त्यांच्या मुलाचं फळांचं दुकान, मोसंबी आणि केळी. मुलाचा एकच धोशा, अब्बांना आता दिसत न्हाई, दुकान मला द्या, मी क्रेट ठेवतो. चाचा गिऱ्हाइकांसमोर त्याला सांगायचे, "ज्या दिवशी माझं काम चुकलं, त्या दिवशी चावी तुझी." म्हणजे त्यांच्या हातातल्या प्रत्येक कामावर ती चावी टांगलेली असायची. मला हे माहीत होतं. माहीत असून बोललो.

त्यांनी मला त्यांच्या जुन्या मशीनचे चार व्हॉल्व्ह काढून दिले, सरकीसकट कापसात गुंडाळून ठेवलेले. ट्रान्सफॉर्मर मात्र नवा गुंडाळावा लागणार होता. त्यांचं हाताने फिरवायचं मशीन होतं, त्याला आकडे दाखवणारं यंत्र नव्हतं. मेनच्या बाजूला अकराशे वेढे पाहिजेत. दर शंभर वेढ्यांना चाचा खिशातून एक चिंचोका काढून वाटीत टाकायचे. मोजताना कुणी सलाम केला तरी उत्तर नाही. मी दोन वेळा बोलायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा त्यांनी डोळे मिटले. प्रत्येक थरावर कागद घालत होते आणि बोटानं चारी कोपरे दाबत होते. वाटीत अकरा चिंचोके झाल्यावर म्हणाले, "आता बोला वायरमन, काय म्हणत होता तुमी?" मी काय म्हणत होतो ते मी विसरून गेलतो.

जिनिंगमधल्या जुन्या पॅनेलच्या पत्र्यातून मी डबा कापला. महिनाभर सोल्डरचे डाग देत बसलो, बोटं पोळली, बायकोशी भांडणं झाली. एका दुपारी मशीन चालू केलं. व्हॉल्व्ह तापले, आणि त्यासोबत भणभण सुरू झाली. गिटारच्या तारांना बोट लावलं तर कोपरापर्यंत झटका. हात झाडला, पुन्हा लावलं, पुन्हा झटका. तळपायाची आग मस्तकात गेली. डब्यात करंट उतरतोय याचा अर्थ मला स्वच्छ दिसत होता, चाचांच्या ट्रान्सफॉर्मरमधून गळतोय. म्हाताऱ्याचा कुठंतरी कागद घालायचा राहिला.

दुसरं काही असू शकतं हे माझ्या मनाला शिवलंच नाही, कारण अर्थिंग माझं होतं. अंगणात मी स्वतः खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून तांब्याची पट्टी पुरलेली. तसं अर्थिंग आमच्या गल्लीत कुणाकडं नाही. घराच्या वाटण्या झाल्या, मध्ये भिंत आली, नालीच्या पाण्यावरून थोरल्या भावाशी बोलणं बंद झालं, आणि तो खड्डा नेमका भिंतीच्या टोकाला, त्याच्या दारासमोर पडला. उन्हाळा लागल्यापासून भाऊ रोज सकाळी एक बादली गढूळ पाणी माझ्या खड्ड्यावर ओतायचा. मला डिवचायलाच करतोय, दुसरं काय. मी अंगणात उभं राहून शिव्या द्यायचो. तो बादली उपडी करून आत निघून जायचा, आणि त्यानं मला आणखी तिडीक यायची.

मशीन मोटरसायकलला बांधून, गिटार पाठीला लावून सिरसाळ्याला गेलो. चाचांनी ते आपल्या दुकानात लावलं, डब्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. गिटारच्या तारांवर तळहात ठेवून ते बराच वेळ बसले.

"इथं तर काही न्हाई," ते म्हणाले. "घरचं अर्थिंग बघा एकदा."

बस्स. "मी वायरमन हाय चाचा. मला अर्थिंग शिकवता? गरम झाल्यावर गळतो तुमचा ट्रान्सफॉर्मर." मी पक्कड घेतली आणि त्यांच्याच काउंटरवर, त्यांच्या डोळ्यांसमोर ट्रान्सफॉर्मरच्या तारा कापून तो काढून ठेवला. मग ते वाक्य बोललो, हात गेल्याचं. शेजारी मुलगा मोसंबी तोलत होता. त्याचा तराजू धरलेला हात तसाच थांबला. चाचांनी ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेतला आणि मी निघेपर्यंत मान वर केली नाही.

पुण्याहून दुसरा ट्रान्सफॉर्मर मागवला. तोही झटका द्यायला लागला. खरं म्हणजे तिथंच माझी ट्यूब पेटायला पाहिजे होती. पण एकदा एवढं बोलून बसल्यावर माणूस आपलंच खरं धरून ठेवतो. मी पुण्यावाल्याला फोनवर झापलं, व्हॉल्व्हचे सॉकेट बदलले, कंडेन्सर बदलले, आणि चाचांचं नाव घरात काढू दिलं नाही.

मग भावाचं सगळं घर चार दिवसांसाठी युसूफ वडगावला लग्नाला गेलं. जाताना त्यानं मेन स्विच पाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन लावलं, तर भणभण नाही. तारांना भीत भीत बोट लावलं, झटका नाही. मी एक तार छेडली आणि मला रडूच आलं. तोच आवाज, लहानपणच्या भोंग्यातला, जाड, तळाशी जरासा फाटणारा. बायको भाकरी टाकायची सोडून दारात येऊन उभी राहिली. जेवायची वेळ टळून गेली तरी मी वाजवत होतो, आणि पुण्याचा ट्रान्सफॉर्मर अखेर रुळला असं मूर्खासारखं स्वतःला सांगत होतो.

पाचव्या दिवशी ती माणसं परत आली. भिंतीपलीकडं पाण्याची मोटार सुरू झाली, आणि माझी बोटं तारांवरून उडाली.

गिटार खाली ठेवून मी अंगणात गेलो. खड्ड्याजवळची माती हातानं उकरली. भिंतीखालून एक काळी वायर आली होती आणि माझ्या तांब्याच्या पट्टीला पिळा घालून जोडली होती. भावाच्या घराचा सगळा करंट परत जायला माझ्या खड्ड्यात उतरत होता. उन्हानं कोरडी पडलेली जमीन तो पुरता गिळत नव्हती, म्हणून तो उलटा माझ्या डब्यात चढत होता, तिथून माझ्या बोटांत.

"कावून जोडली बे ही?" शिव्या सोडल्या तर तीन वर्षांनी भावाशी बोललेलं माझं पहिलं वाक्य. हातात पक्कड होती आणि ती कुठं मारावी हे मला कळत नव्हतं.

"पोलवरची न्यूट्रलची तार तुटलीय," तो म्हणाला. "तुझं अर्थिंग लई चांगलं हाय, म्हणून तिथं जोडली. बादलीत मीठ कालवून ओततो रोज, मग धरतं."

"कुणी मेलं असतं. मला सांगता येत न्हाई?"

"तू बोलतोस का माझ्याशी? घरात वायरमन असून बाहेरचा वायरमन बोलवायचा, तर लोकं काय म्हणतील?"

मी वायर तोडली. विजेच्या ऑफिसात जाऊन तक्रारही मीच दिली. लाइनमन येईपर्यंत भाऊ अंधारात राहिला, त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. टेस्टर घेऊन अंगणात जायला दोन मिनिटं लागली असती. चाचांनी सांगितलं होतं, सरळ शब्दांत सांगितलं होतं.

सिरसाळ्याला गेलो तर चाचांच्या दुकानात छतापर्यंत मोसंबीचे क्रेट. ते मुलाच्या गल्ल्यामागं स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. मी सगळं सांगितलं. भिंत, वायर, बादली, काही लपवलं नाही. माफी मागितली.

"तुमी गेला त्याच दिवशी मी तो ट्रान्सफॉर्मर उकलला," ते म्हणाले. "एकेक वेढा उलटा मोजला. अकरा चिंचोके निघाले. कागद कुठं फाटला नव्हता. माझं बरोबर हाय हे मला माहीत होतं."

"मग चावी कावून दिली?"

"पोरगा म्हणला, एवढा वायरमन माणूस खोटं कशाला बोलंल." त्यांनी गल्ल्याकडं मान केली. "मला नका सांगू. त्याला सांगा."

मी मुलाकडं वळलो आणि त्या दिवशी बोललो होतो तेवढ्याच मोठ्यानं बोललो. चूक माझी होती, तुमच्या अब्बांचं काम बरोबर होतं. दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. मुलगा मोसंबी तोलत राहिला, पिशवीला गाठ मारली, गिऱ्हाइकाला दिली, आणि मग माझ्याकडं बघितलं.

"अब्बा मला म्हणत होते, उलटं मोजलं, बरोबर निघालं," तो म्हणाला. "मी त्यांना म्हणलो, आता तुमचं मोजणंबी चुकतं. वाटीसमोर बसले होते, तिथंच म्हणलो. हे मला कावून बोलायला लावलं तुमी?"

त्यानं खिशातून दुकानाची चावी काढली आणि चाचांच्या मांडीवर ठेवली. चाचांनी ती उचलली, थोडा वेळ धरली आणि परत त्याच्या तराजूशेजारी ठेवली.

"गुंडाळायचं मशीन भंगारवाल्यानं नेलं," ते मला म्हणाले. "चावी घेऊन काय करू?"