मयताचं भाडं

आमच्या जूचंद्रात कुणी गेलं, की रडण्याचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत हिरामण तिथे पोचलेला असायचा. दोन्ही काखांत दोन-दोन लोखंडी खुर्च्या आणि डोक्यावर आंघोळीच्या पाण्याचा मोठा टोप. कुणी बोलावलेलं नसायचं. घरच्यांशी तो एक शब्द बोलायचा नाही. अंगणात खुर्च्या मांडायच्या, तीन दगड लावून टोप चढवायचा आणि पुढच्या खुर्च्या आणायला परत जायचं. परगावचे लोक त्याला घरातलाच कुणी समजायचे.

तो आमच्या समोर राहायचा. मंडप, खुर्च्या आणि जेवणाची भांडी भाड्यानं देण्याचा त्याचा धंदा. त्याआधी वीस वर्षं मिठागरात काढली होती, त्यामुळे टाचा अशा फुटलेल्या की त्याच्या पायात चप्पल टिकत नसे. बुटका माणूस, कान मोठे. माझ्या नवऱ्यापेक्षा लहान, म्हणून मी त्याला भावजी म्हणायची आणि तो मला वयनी. भांडी परत आली की हिरामण अंगणात उकिडवा बसायचा आणि एकेक टोप बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा. आवाज बद्द आला की मान वर करून विचारायचा, "कोनी आपटला यो?" आपटणाऱ्यानं कबूल केल्याशिवाय सोडायचा नाही. माझ्या नणंदेच्या लग्नात एक पळी कमी भरली, तर माझ्या सासऱ्यांना त्यानं भर बाजारात विचारलं, "काका, पली कुठं हाय? ती पन सासरी गेली काय?" सासऱ्यांनी नवी पळी आणून त्याच्या दारात फेकली. त्यानं ती वाजवून बघितली आणि मगच आत नेली.

असा हा चिकट माणूस मयताच्या घरून एक पैसा घ्यायचा नाही. पहिल्या दिवसापासून बाराव्याच्या जेवणापर्यंत सगळं फुकट. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "लग्नाची तयारी मानूस सहा महिने करतं, वयनी. मयताला कोन तयार असतं? तयार नाय त्याच्याकडून पैसं घ्यायचं म्हंजे चोरी." मला हे कधी पटलं नाही. टोप घासायला बाई लागते, तिची मजुरी मेलेला माणूस देत नाही. पण तेव्हा गावात लग्नं भरपूर, चार-चार दिवसांची, हळदीलाच तीनशे पानं उठायची. लग्नांच्या कमाईत मयतं निभावून जायची.

मुलगा विलास मोठा झाला, तसा धंदा त्याच्या हातात गेला. पोरगा कष्टाळू, पण त्याला घाई फार. बापाच्या लोखंडी खुर्च्यांची त्याला लाज वाटायची. नव्वदनंतर एका पतपेढीकडे घर तारण ठेवून त्यानं कर्ज काढलं. प्लास्टिकच्या पाचशे खुर्च्या, रोषणाईची कमान, जनरेटर आणि एक जुना टेंपो आणला. कागदावर बापाचा अंगठा आणि जामीन म्हणून स्वतःच्या बायकोची, नंदाची, सही. हिरामणनं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "भावजी, एवढ्या खुर्च्यांवर बसनार कोन?" तो हसला. "लोक वाढतायत, वयनी. आचोल्यापर्यंत बिल्डिंगी झाल्या. त्या सगल्यांची पोरं लग्नाला येतील."

पोरं लग्नाला आली, पण त्यांची लग्नं हॉलात झाली. नायगावला हॉल झाला, वसईला झाले. हॉलवाल्याकडे खुर्च्या त्याच्या, भांडी त्याची, जेवणही त्याचंच. मग आमच्या गावालाही हॉलाची चटक लागली. अंगणात मंडप घालणारा तो गरीब, असं झालं. माझ्या मुलाचं लग्न मीही हॉलात लावलं. हिरामण जेवायला आला, जाताना दारात थांबून हॉलातल्या खुर्च्यांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाला, "पाय बारीक हायत. टिकनार नाय."

विलास हप्त्यांसाठी लांबलांबच्या ऑर्डरी घ्यायला लागला. नवरात्रातल्या एका मंडपाचं सामान घेऊन परत येताना हायवेवर टेंपो उलटला. विलास जागच्या जागी गेला. मागे नंदा आणि तीन वर्षांची प्राजक्ता. हिरामणची बायको आधीच वारलेली होती.

विलासला घरी आणलं तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. नंदाला चार बायकांनी धरलं होतं. हिरामण मागच्या शेडात गेला. मला वाटलं, एकट्यानं रडायला गेला असेल. तो चार खुर्च्या घेऊन बाहेर आला. आपल्याच अंगणात मांडल्या आणि परत शेडाकडे वळला. माझ्या नवऱ्यानं त्याचा दंड धरला. "हिरामन, ठेव ते. आमी लावतो."

"तुमाला लावता येनार नाय," तो म्हणाला. "वाकड्या लावाल."

सगळ्या खुर्च्या त्यानं एकट्यानं लावल्या. मधे त्याला कुणी अडवलं नाही. अडवायला पाहिजे होतं की नाही, मला सांगता येत नाही.

बाराव्यानंतर तो पुन्हा धंद्याला लागला. साठी उलटलेली होती. टेंपो भंगारात गेला, कर्ज तसंच राहिलं. एक दिवस दुपारी पतपेढीचं पत्र घेऊन माझ्याकडे आला. त्याला वाचता येत नव्हतं आणि मी चौथीपर्यंत शिकलेली. मी वाचून दाखवलं. हप्ते थकले आहेत, भरले नाहीत तर तारण विकून वसूल करू, असं लिहिलं होतं.

"तारन म्हंजे खुर्च्या?"

"नाय. घर."

"घर म्हंजे ह्येच?"

"तुमाला दुसरं हाय काय?"

त्यानं पत्राच्या चार घड्या केल्या आणि टोपीत ठेवलं. "नंदाला सांगू नका," म्हणाला. आधीचं पत्र नंदाच्या हातात पडलं होतं. ते वाचून ती मला म्हणाली होती, "काकी, बाबांना सांगू नका." मी दोघांनाही बरं म्हटलं.

आता त्याच्याकडे कामं कसली, तर मयताची. लग्नाला हॉल होता. मेल्यावर हॉलवाला येत नाही, तेव्हा हिरामण. नव्या बिल्डिंगींतही बातमी पसरली होती की गावात एक म्हातारा आहे, तो फुकट खुर्च्या देतो. फ्लॅटवाले दारात येऊन उभे राहायचे, "काका, पैसे घेत नाही ना तुम्ही?" असं आधी विचारून घ्यायचे. हिरामण हातगाडीवर खुर्च्या लादून घेऊन जायचा. मी तोंडावर सांगितलं, "भावजी, लोक लग्नाला हॉलात जातात आनि मरायला तुमच्याकडं येतात."

"मंग? नियम बिल्डिंग बघून बदलायचा काय?"

"घर जाईल."

"जायचं असंल तं जाईल."

हे तो बोलायचा तेव्हा प्राजक्ता त्याच्या मांडीवर असायची. मला चीड यायची. नियम त्याचा आणि घर पोरीचं.

नंदानं एकदा त्याच्या पाठीमागे एका बिल्डिंगवाल्याकडून तीनशे रुपये घेतले. त्या माणसानं निमूट दिले, वर पावती मागितली. संध्याकाळी हिरामणला कळलं. त्यानं तिच्याकडून पैसे मागून घेतले, चार जिने चढला आणि परत देऊन आला. वर चढताना दम लागला म्हणून तिसऱ्या मजल्यावर बसला होता, हे मला नंतर कळलं. घरी आला तर नंदा ओट्यावर उभी. सगळी गल्ली ऐकत होती.

"बाबा, यांना जाऊन महिना झाला नव्हता तवा पतपेढीचा मानूस दारात आला. मयताचं घर म्हनून त्यानं हप्ता सोडला काय?"

हिरामणनं पाय धुतले आणि आत गेला. त्यानंतर पंधरा दिवस दोघं एकमेकांशी पोरीच्या तोंडून बोलत होती. "प्राजू, आजोबांना सांग भाकरी वाढलीय." "प्राजू, आईला सांग मना भूक नाय."

पुढच्या पावसाळ्यात माझा नवरा गेला. हिरामण आला, खुर्च्या लावल्या, पाणी तापवलं. बारा दिवस आमच्या दारात त्याचं सामान होतं. बाराव्याचं जेवण उठल्यावर तो टोप वाजवत बसला होता. मी जाऊन पाचशे रुपये त्याच्यापुढे धरले.

"काय ह्ये, वयनी?"

"भाडं."

"डोकं फिरलं काय तुमचं?"

"माझं डोकं जागेवर हाय. माझा नवरा काय भिकारी नव्हता. फुकटच्या खुर्च्यांवर मी त्याला रडनार नाय."

"तुमच्याकडून घेतले तं उद्या सगल्यांकडून घ्यायला लागतील."

"मंग घ्या. नातीच्या डोक्यावर छप्पर ठेवायचं का नाय? लोकांचं पुन्य घेऊन ती कुठं झोपनार हाय?"

मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. लोक बघत होते. त्याच्या हातातला टोप त्यानं खाली ठेवला, पैसे घेतले आणि न मोजता नंदाकडे दिले. मला वाटलं, एक चांगलं काम केलं. नवरा गेल्याच्या बाराव्या रात्री मी त्यावर समाधानानं झोपले, खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांनी गावात एक म्हातारी गेली. हिरामण नेहमीसारखा गेला, पण बाराव्याला त्यानं भाडं सांगितलं. लग्नाच्या निम्मं. त्या लोकांनी दिलं आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, देवळात एकच विषय. हिरामण मयताचं खायला लागला. एक बाई माझ्याच ओट्यावर बसून म्हणाली, "म्हनून तं पोरगा गेला." मी म्हटलं, "पोरगा आधी गेला, भाडं नंतर आलं. ऊठ हितनं." ती उठली, पण बोललेलं कुठे उठतं.

मग तरुण पोरांच्या मंडळानं घरटी वर्गणी काढून शंभर खुर्च्या आणि भांड्यांचा एक संच विकत घेतला. मयताला फुकट. हिरामणनं वीस वर्षं जे एकट्यानं केलं ते गावानं एका महिन्यात केलं, आणि कशासाठी, तर त्याच्याकडे जायला नको म्हणून. वर्गणी माझ्या घरूनही गेली. मुलानं दिली, मला विचारलं नाही.

आधी लोक त्याच्याकडे निदान मयताला तरी यायचे. आता तेही थांबलं. माझे पाचशे आणि त्या म्हातारीचं भाडं, एवढीच काय ती मयताची कमाई. रस्त्यात लोक त्याच्याशी बोलायचे, पण पूर्वी त्याला बघून बसलेला माणूस उठून उभा राहायचा, तो उठेनासा झाला. मी सांगितलेलं हिशेबानं बरोबर होतं. आजही कुणी हिशेब मांडला तर माझंच बरोबर निघेल. तरी ते बरोबर सांगून मी त्याच्याकडे उरलेली एकच गोष्ट घालवली.

भांडी वजनावर गेली. भंगारवाला टोप काट्यावर टाकत होता आणि हिरामण आत भिंतीकडे तोंड करून बसला होता. वर्षभरात पतपेढीनं घर विकलं. घेणारा बिल्डरच होता. आचोळ्याला एका चाळीत त्यांनी भाड्यानं खोली घेतली. निघायच्या दिवशी गल्लीतली दारं लोटलेली होती. भांडण कुणाशीच नव्हतं, लोकांना काय बोलावं ते सुचत नव्हतं. मी बाहेर उभी राहिले. रिक्षात बसायच्या आधी तो माझ्याजवळ आला.

"वयनी, तुमच्यावर राग नाय. पन तुमच्याकडून घ्यायला नको व्हते."

रिक्षा गल्लीबाहेर जाईपर्यंत मी तिथेच उभी होते. 

आचोळ्याला तो दीड वर्ष जगला. त्याला काही आजार झाला नव्हता. नंदा वसईला एका कारखान्याच्या गाळ्यात पॅकिंगच्या कामाला जायची आणि तो दिवसभर खोलीत बसून असायचा. तो गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. मी गेले तेव्हा नंदा कामावर गेली होती. तीन दिवसांच्या वर खाडा केला तर काम जातं, असं शेजारणीनं सांगितलं.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी नंदा एका रविवारी माझ्याकडे आली. केस पांढरे झालेले. घर विकून व्याज फिटलं, मुद्दलातलं थोडं राहिलं, त्यावर पुन्हा व्याज चढलं आणि जामिनाच्या कागदावर सही तिची. पतपेढीचा माणूस आता गाळ्यावर येऊन उभा राहायला लागला होता. प्राजक्ता नववी पास झाली होती. वर्गात दुसरी आली होती.

"गाल्यात तिला घेतात, काकी," नंदा म्हणाली. "दोघींचा पगार झाला तं दोन-तीन वर्षांत सुटू. शालेतून काढू काय तिला?" मग तीच पुढे म्हणाली, "तुमी खरं काय ते तोंडावर सांगता. तुमी सांगाल तसं करीन."

मी उठले आणि चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी उकळेपर्यंत ती माझ्या पाठीकडे बघत होती, ते मला कळत होतं. मी तिला साखर किती घालू ते विचारलं.