विहिरीवरच्या बाया

बारामती ते इंदापूर, माझ्या हातचं अक्षर नाही अशी एक भिंत दाखवा. म्हणजे होतं. फ्लेक्स आल्यापासून निम्म्या पुसल्या, उरलेल्या पडल्या. शिडीवर जन्म काढला की किस्से रंगाच्या डागांसारखे अंगाला चिकटतात. आता धुवायचाही कंटाळा येतो.

मध्यंतरी इंदापुरात नगरपालिकेचं काम निघालं. गावातल्या जुन्या जागांवर भिंतीवर चित्र काढायचं, खाली दोन ओळींचा बोर्ड: इथं पूर्वी काय होतं. शिडी धरायला रशीदभाई. ते माझ्याहून म्हातारे, त्यामुळं शिडीच त्यांना धरते.

पहिल्याच दिवशी हौसाक्कानं गाठलं. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी. "विहीर कधी काढतो? दिसतंय तवर काढ. आमच्या आळीच्या बाया त्यात पायजेत."

म्हटलं, "अक्का, आधी टांगा स्टँड."

घोडा काढला, चांगला गुबगुबीत. जुना टांगेवाला बराच वेळ बघत उभा राहिला.

"तात्या, ओळखला का?"

"वळखला की. पण आमचा येवढा कधी जेवला न्हवता."

पुढं रस्त्याकडेला नुसता माळ. तिथं काय लिहावं कुणालाच सुचेना. मी खोडी काढली, लिहिलं: 'इथं काहीही घडलेलं नाही.' सकाळी एक आबा तावातावानं हजर. "माझं लगीन हितंच मोडलं. त्ये काय मग?"

रशीदभाई म्हणाले, "आबा, वाचलात. म्हणजे काही घडलं नाहीच, बोर्ड राहू द्या."

रोज संध्याकाळी अक्का यायची. "आमची विहीर?"

शेवटी विहिरीचा नंबर लागला. खरी विहीर स्लॅबखाली गेलेली, वर मोटारसायकली. मी भिंतीवर काढली. काठावर चार बाया, घागरी भरलेल्या, हसतायत. अक्का नाक भिंतीला लावून बघायला लागली.

"ह्या वरच्या आळीच्या. आमी कुठं हाय?"

"काढतो की. ह्यांच्या खांद्याला खांदा लावून काढतो. वर नाकात नथ फुकट."

रशीदभाई हसले. अक्का हसली नाही.

"जवळ नगं, लांब काढ. आमाला विहिरीला शिवू देत न्हवते. घागर रिकामी काढ. आन उभी नगं, बसल्याली काढ. कुणी वरनं पाणी वतंपतोर लई येळ जायचा."